ड्रमविना जॅझ: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न: आमच्या गटात क्लॅरिनेट, गिटार आणि डबल बेस आहे. ड्रमर नाही आणि ठेवायचाही नाही. पण १३२ च्या लयीत (मिनिटाला १३२ मात्रा) सुरू केलेलं गाणं संपेपर्यंत १४५ वर गेलेलं असतं. चूक बेसवादकाची समजायची का?

एकट्या बेसवादकाची नक्कीच नाही. ड्रमर असला की राइड सिंबल, म्हणजे ड्रमसेटमधली मोठी झांज, मात्रा तर दाखवतंच, दोन मात्रांमधली जागाही भरतं. शिवाय दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर हाय-हॅट, म्हणजे पायाने वाजवायची झांजांची जोडी, मिटते. बाकीचे त्यावर निर्धास्त टेकतात. हा आधार काढला की मधली जागा उघडी पडते. त्या रिकाम्या जागेत वाजवणाऱ्याला धीर धरवत नाही आणि पुढचा सूर लवकर पडतो. आवाज खाली आणताना उलटं होतं, लयही सोबत खाली येते.

आधी लय कुठे धावते ते शोधा. सराव रेकॉर्ड करा आणि प्रत्येक कोरस, म्हणजे ३२ बारची एक पूर्ण फेरी, घड्याळ लावून मोजा. चार मात्रांचा बार धरला तर १३२ च्या लयीत एक कोरस सुमारे ५८ सेकंदांचा होतो, १४५ ला तो ५३ वर येतो. बहुतेक गटांत ही वाढ हळूहळू होत नाही. एक सोलो संपून दुसरा सुरू होतो त्या दोन-चार बारमध्ये लय एकदम उडी मारते. नवा सोलोवाला जोशात येतो आणि बाकीचे त्याच्यामागे जातात. हे कळलं की फक्त तेवढीच जागा घोटा: शेवटचे आठ बार आणि नव्या सोलोचे पहिले आठ, पुन्हा पुन्हा.

मेट्रोनोम १३२ वर लावू नका, ६६ वर लावा आणि त्याचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरा. तिथे ठोका ऐकू येतो, पण सम तुम्हालाच ठरवावी लागते. हे जमलं की ३३ वर या आणि ठोका फक्त चौथ्या मात्रेवर धरा. मग बेस आठ बार पूर्ण थांबवून बाकी दोघांनी चालू ठेवायचं. नवव्या बारला बेस आत येताना अडखळला, तर लय प्रत्येकाच्या अंगात नव्हती, सगळे बेसवर लटकले होते. ड्रमविना वाजवण्याची खरी अट हीच आहे: लय सांभाळणं हे तिघांचंही काम, कोणा एकाकडे सोपवून चालत नाही.

बेसवादकाने एक गोष्ट मात्र स्वतः तपासावी. वॉकिंग बेसमध्ये, म्हणजे दर मात्रेला एक सूर देत चालणाऱ्या बेसच्या ओळीत, सूर किती लांब टिकतो यावर सगळी चाल अवलंबून असते. जागा बदलताना किंवा तार ओलांडताना डावा हात लवकर उचलला जातो आणि चौथी मात्रा अर्ध्यातच तुटते. ड्रम असताना हे खपून जातं. इथे समेच्या तोंडाशी खड्डा पडतो आणि सगळे त्यात पुढे ढकलले जातात. पुढचा सूर लागेपर्यंत आधीचा दाबून धरायचा.

प्रश्न: मी गिटार वाजवतो. ड्रम नाहीत म्हणून भरगच्च कॉर्ड वाजवतो, तरी सगळं गढूळ ऐकू येतं.

भरगच्च वाजवता म्हणूनच. सहा तारांच्या कॉर्डमधले खालचे सूर बेसच्या पट्ट्यात घुसतात. मूळ सूर बेसकडे सोपवा आणि तुम्ही कॉर्डचा फक्त तिसरा व सातवा सूर वाजवा, तेही चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन ही नेहमीची चाल घ्या. डी मायनरसाठी चौथ्या तारेचा तिसरा पडदा आणि तिसऱ्या तारेचा पाचवा. जी सेव्हनला चौथी तार तशीच ठेवा, तिसरी तार चौथ्या पडद्यावर आणा. सी मेजरला आता तिसरी तार जागेवर राहते आणि चौथी तार दुसऱ्या पडद्यावर उतरते. दर वेळी एकच सूर अर्ध्या स्वराने खाली येतो. दोनच तारा वाजतात, पण कॉर्ड पूर्ण कळते आणि क्लॅरिनेटला वर मोकळी जागा मिळते.

ठेका देताना चारही मात्रांवर आघात, दुसरी आणि चौथी किंचित ठळक, आणि प्रत्येक आघातानंतर डाव्या हाताचा दाब लगेच सैल. बोटं तारेवरून उचलायची नाहीत, नाहीतर मोकळ्या तारा वाजतात. काउंट बेसीच्या बँडमधला गिटारवादक फ्रेडी ग्रीन हे आयुष्यभर करत राहिला. पियानोवादक अहमद जमालच्या सुरुवातीच्या ड्रमविना त्रयीत रे क्रॉफर्ड गिटारच्या तारांवर थापा मारून बोंगोसारखा आवाज काढायचा. एखाद्या गाण्यात ते सुंदर लागतं. प्रत्येक गाण्यात नको.

प्रश्न: बेसचा सोलो आला की सगळं कोसळतं. तो टाळावा का?

टाळू नका, लहान ठेवा: सोळा बार पुरेत. त्या वेळी गिटारने दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर दोन सुरांचा अगदी हलका आघात द्यावा. क्लॅरिनेटने खालच्या सप्तकात दर दोन बारला एक लांब सूर धरला तर कॉर्ड कुठे बदलते तेही ऐकणाऱ्याला कळत राहतं.

प्रश्न: बेसही नसेल तर?

चालतं, पण मग बरंच काही आधी लिहून ठेवावं लागतं. क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनवादक जिमी ज्युफ्री याने १९५८ मध्ये व्हॉल्व्ह ट्रॉम्बोनवर बॉब ब्रुकमायर आणि गिटारवर जिम हॉल यांना घेऊन असंच त्रिकूट चालवलं. खालची ओळ तिथे एका वाद्याची मक्तेदारी नव्हती; ती हातोहात फिरायची. तुम्हीही प्रत्येक आठ बारवर लिहा: वरची ओळ कोणाची, खालची कोणाची, कोण गप्प. ‘कोण गप्प’ हा रकाना रिकामा ठेवू नका. तिघेही सतत वाजवत राहिले तर तिसऱ्या मिनिटाला कान थकतो.

बेस ठेवून, ड्रम वगळून लय कशी पळते ते ऐकायचं असेल तर गिटारवादक जँगो राइनहार्ट आणि व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली यांचं पॅरिसमधलं पंचक ऐका (१९३४ पासून, व्हायोलिन, तीन गिटार, बेस), आणि रेड नॉर्वोचं १९५० च्या सुमाराचं व्हायब्रफोन (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य), गिटार, बेसचं त्रिकूट. त्यात बेसवर चार्ल्स मिंगस आणि गिटारवर टाल फार्लो आहे. वेग बघून थक्क व्हाल.

प्रश्न: घरच्या खोलीत रेकॉर्ड करायचं आहे. प्रत्येकाला वेगळा माइक हवा का?

नको. ड्रम नसण्याचा सर्वांत मोठा फायदा इथेच आहे: कोणाला कोणापासून वेगळं करायची गरज पडत नाही. दीड मीटरच्या अंतरात अर्धवर्तुळात बसा, बेस मधे. समोर दीड-दोन मीटरवर, बसलेल्यांच्या डोक्याच्या थोड्या वर, स्टिरिओ माइकची एक जोडी लावा. बेस कोपऱ्यात किंवा भिंतीला लागून उभा करू नका. त्याचा सर्वांत खालचा सूर, ई, ४१ हर्ट्झचा असतो आणि कोपऱ्यात ते खालचे सूर फुगतात; भिंतीपासून किमान मीटरभर पुढे या. तरीही बेस पुसट वाटला तर घोडीपासून वीसेक सेंटिमीटरवर एक जास्तीचा माइक लावा आणि मिक्समध्ये जेमतेम जाणवेल इतकाच घ्या.

गिटारचा ॲम्प (ॲम्प्लिफायर) बेसच्या नैसर्गिक आवाजाएवढाच ठेवा. मोठा ठेवला की क्लॅरिनेट जोर लावतो, मग बेसला ॲम्प लागतो, आणि तासाभरात सगळेच ओरडून वाजवत असतात. रेकॉर्डिंगआधी मिनिटभर सगळ्यांनी स्तब्ध बसून नुसती खोली रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर ऐका. पंखा, ॲम्पची गुणगुण, करकरणारी खुर्ची, क्लॅरिनेटच्या चाव्यांची खडखड: ड्रम असते तर यातलं काहीच कळलं नसतं, इथे सगळं ऐकू येईल. चाव्यांचा आवाज थोडा राहू दे. खुर्ची मात्र बदला.