चार्ल्स्टन एप्रिलमध्ये की फेब्रुवारीत?

नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरीहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय २९, नवऱ्याचं ३१, लग्नाला दोन वर्षं झाली. त्या लिहितात: "आतापर्यंतची प्रत्येक सुट्टी एकतर भारतात गेली, नाहीतर घरी आलेल्या पाहुण्यांत. फक्त आम्ही दोघं असे कुठे गेलोच नाही. एप्रिलमध्ये चार रात्री साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्स्टनला जायचं डोक्यात आहे. जुन्या शहरातल्या हॉटेलचा दर एका रात्रीचा ३६५ डॉलर, सगळा खर्च ३,४००. बँक बारा हप्ते करून देते आहे. नवरा म्हणतो घेऊ या. मी म्हणते, राहू दे, पुढच्या वर्षी बघू. तुम्ही काय म्हणता?"

आकडेही त्यांनी प्रामाणिकपणे दिले आहेत. महिन्याचा खर्च ४,२०० आणि शिल्लक ७०० डॉलर. अडीअडचणीसाठी बँकेत ९,०००. मे महिन्यात नणंदेचं लग्न आहे, त्याच्या विमान तिकिटांसाठी ३,००० वेगळे काढलेत. क्रेडिट कार्डावर १,९०० थकलेत, व्याज २४ टक्के. नवरा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, त्या जोडीदाराच्या एच-फोर व्हिसाच्या परवान्यावर नोकरी करतात.

आधी निर्णय सांगतो. जा. पण एप्रिलमध्ये नाही, हप्त्यांवर नाही आणि ३,४०० खर्चून नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, रविवार ते बुधवार, साधारण १,६५० डॉलरमध्ये जाऊन या.

हप्ता २८३ डॉलरचा पडेल, त्यावर बँकेचं मासिक शुल्क वेगळं. तुम्हाला झेपणार नाही असं मी म्हणत नाही. माझी काळजी दुसरी आहे. तुमच्या घरातले दोन्ही पगार एकाच व्हिसावर उभे आहेत. नवऱ्याची नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि त्यांचा दर्जा गेला की तुमचा परवानाही जातो. तुमचे ९,००० म्हणजे जेमतेम दोन महिन्यांचा खर्च. घरभाड्याचा करार मोडायची भरपाई आणि सामान हलवणं यातच हे पैसे संपतील. अशा घरात वर्षभर चालणारा हप्ता मला नको वाटतो, मग तो बिनव्याजी का असेना. शिवाय हप्ते फिटेपर्यंत तुमची शिल्लक ७०० वरून सव्वाचारशेच्या खाली येईल.

पण तुमचं 'पुढच्या वर्षी बघू' हेही मला पटत नाही. पंधरा वर्षं लोकांचे हिशेब बघतोय. आईवडिलांचं येणं-जाणं, लग्नं, घराचं डाउन पेमेंट, मग मूल, या रांगेत 'दोघांची सहल' नेहमी शेवटी उभी असते आणि तिचा नंबर येतच नाही. चार रात्रींसाठी कर्ज काढू नका आणि तीन रात्रींसाठी दहा वर्षं थांबूही नका.

आता पैशाची वाट. तिकिटांच्या डब्यात ३,००० नुसते पडून आहेत आणि शेजारी १,९०० वर २४ टक्के व्याज चालू आहे. उद्याच त्या डब्यातून कार्ड फेडा, डब्यात १,१०० राहतील. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबरचे सातशे-सातशे परत तिथेच टाका. नोव्हेंबरअखेर ३,२०० होतील, म्हणजे मे महिन्याची तिकिटं काढायच्या आधी डबा भरलेला असेल, वर २०० उरतील. तेच कार्ड दरमहा सातशेने फेडलं असतं तर तीन महिन्यांत व्याजापोटी सुमारे ७५ डॉलर गेले असते. चार्ल्स्टनच्या बंदरातून फोर्ट समटर या किल्ल्याला जाणाऱ्या बोटीचं तिकीट माणशी चाळीसच्या आसपास असतं. म्हणजे दोघांची फेरी जवळपास त्यातच निघते. डिसेंबर आणि जानेवारीचे मिळून १,४००, वर ते २००, असे १,६०० सहलीला. अडीअडचणीच्या ९,००० ना हात लावायचा नाही.

एप्रिलच का नको? चार्ल्स्टनचा सगळ्यात महाग काळ वसंत ऋतूचा. मार्चच्या सुरुवातीला खाद्य आणि वाइनचा महोत्सव, मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला कूपर नदीच्या पुलावरची दहा किलोमीटरची शर्यत, मग लग्नांची गर्दी, मेच्या अखेरीपासून १९७७ सालापासून भरणारा स्पोलेटो महोत्सव. जानेवारी आणि फेब्रुवारीचा पहिला आठवडा त्या मानाने शांत असतो. फेब्रुवारीच्या मध्यावर मात्र वन्यजीव चित्रांचं मोठं प्रदर्शन भरतं आणि दर पुन्हा चढतात, ते दिवस टाळा. फेब्रुवारीत दुपारी पंधरा-सोळा अंशांची हवा, एक स्वेटर पुरतो. कॅमेलिया त्याच दिवसांत फुलतो. कालव चाखायचं मनात असेल तर त्याचाही हाच मोसम.

हॉटेलपाशी मात्र हात आखडू नका. शेजारच्या नॉर्थ चार्ल्स्टनला रात्रीमागे सत्तर डॉलर वाचतील, पण रोज गाडी घेऊन जुन्या शहरात या, पार्किंग शोधा, जेवणानंतर अंधारात परत जा. तुम्ही जाताय ते शहर पायी बघायचं आहे. १६७० साली वसलेलं, दोन नद्यांच्या मध्ये जिभेसारखं निमुळतं होत गेलेलं. सकाळी लवकर ईस्ट बे रस्त्यावर चाला. रेनबो रोची तेरा घरं ओळीने उभी आहेत, गुलाबी, पिवळी, फिकट निळी. तिथून बॅटरीपर्यंत, म्हणजे शहराच्या टोकाच्या तटबंदीपर्यंत, समुद्राच्या कडेने जा. जुन्या घरांच्या भिंतींवर लोखंडी चकत्या दिसतील, त्या आतल्या सळ्यांची टोकं आहेत. १८८६च्या भूकंपानंतर कित्येक घरं अशी आवळून घेतली. या सगळ्याला एक पैसा लागत नाही. पाय दुखले तर जुन्या शहरातली डॅश बस फुकट आहे.

गाडी एकदा लावली की तीन दिवस हलवू नका. पण कुठे लावताय ते बघा. मोठ्या भरतीच्या दिवशी सिटी मार्केटच्या आसपासचे रस्ते पाऊस नसतानाही पाण्याखाली जातात. भरतीचं वेळापत्रक बघून बहुमजली पार्किंगमध्येच गाडी ठेवा. पुराचं नुकसान विम्याच्या फक्त कॉम्प्रिहेन्सिव्ह भागातून मिळतं, तो तुमच्या पॉलिसीत आहे ना, हे या निमित्ताने तपासून घ्या. सहलीचा वेगळा विमा नको. वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, तुम्ही त्याच्या बाहेर आहात. रद्द करता येईल असा हॉटेलचा दर घ्या, दहा-पंधरा डॉलर जास्त पडले तरी.

जेवणाचं गणित नवखे लोक इथे हमखास चुकतात. मेनूवर ११० डॉलर दिसले तर कर ११ टक्के, म्हणजे १२ डॉलर १० सेंट. टिप २० टक्के, २२ डॉलर. हातात बिल येतं १४४चं. त्यामुळे मेनूवरच्या आकड्यात जवळपास तिसरा हिस्सा मिळवूनच टेबल राखून ठेवा. अशी दोन चांगली जेवणं धरा, रविवारी आणि मंगळवारी, कारण सोमवारी बरीच नावाजलेली रेस्टॉरंट बंद असतात. बाकी न्याहारी आणि दुपारचं मिळून दिवसाला ७५.

तुम्ही वेंगुर्ल्याच्या, मासे खाणाऱ्या, आणि नवरा शुद्ध शाकाहारी, असं लिहिलंय. म्हणून ठरावीक किमतीचं सात-आठ पदार्थांचं जेवण घेऊ नका, त्यात एकाचे पैसे वाया जातील. सुटे पदार्थ मागवा. तिथल्या पालेभाजीत आणि तांबड्या भातात बहुधा डुकराचं मांस असतं, चवळी-भात तर त्यातच शिजवतात, ग्रिट्सही (मक्याच्या कण्या) कधी कधी मांसाच्या पाण्यात. दिसायला शाकाहारी असलं तरी विचारा. टेबल राखतानाच फोनवर विचारलं तर ते वेगळं करून देतात.

पण तुमच्या ताटात जे येईल ते घरचं वाटेल. आम्ही दोघं तिथे गेलो होतो तेव्हा कोळंबी आणि ग्रिट्सची बशी समोर आली. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या, लोण्यात मऊ शिजवलेल्या. बायकोने पहिला चमचा खाल्ला आणि म्हणाली, "ही तर आजीची कण्यांची पेज." त्या पदार्थांत भेंडी आहे, तांदूळ आहे, तीळ आहे. तिळाला तिथे 'बेने' म्हणतात, हे नाव पश्चिम आफ्रिकेतल्या भाषांतून आलेलं. त्याच्या पातळ कुरकुरीत बिस्किटांचा एक पुडा आणाच.

ही चव तिथे कशी आली, ते गॅडसडेन्स वॉर्फला बघा. गुलाम करून आणलेल्या असंख्य आफ्रिकी माणसांना याच धक्क्यावर उतरवलं गेलं. भातशेतीचं ज्ञान त्यांचं, राबणंही त्यांचं, आणि त्या तांदळावर उभी राहिली ती ही रंगीत घरं. २०२३ साली त्या जागी आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाचं संग्रहालय उघडलं. सोमवारी ते बंद असतं, म्हणून सोमवारी फोर्ट समटर करा, ज्याच्यावर १२ एप्रिल १८६१ रोजी अमेरिकी यादवी युद्धाची पहिली तोफ डागली गेली, आणि मंगळवारी संग्रहालय. माझ्या मते एका मळ्याच्या हवेलीचं तिकीट कमी काढलं तरी चालेल, हे चुकवू नका.

मीटिंग आणि ब्रॉड रस्त्यांच्या कोपऱ्यावर गला समाजाच्या, म्हणजे त्या गुलाम आफ्रिकी माणसांच्या वंशातल्या, बायका गोडगवताच्या टोपल्या विणत बसतात. मी बघितली ती आजी चमच्याच्या घासलेल्या दांड्याने गवताच्या वळीत भोक पाडत होती आणि ताडाच्या पानाची पट्टी त्यातून ओढून घेत होती. ओंजळीएवढी टोपली विणायलाही दिवस लागतात. किंमत ऐकून घासाघीस करू नका. परवडत असेल तर घ्या, नसेल तर बघून नमस्कार करा. तुमच्या हिशेबात मी खरेदीला १२० धरलेत ते त्यासाठी.

म्हणजे एकूण असं: हॉटेल तीन रात्री १८० प्रमाणे, कर आणि शुल्काचे १५ टक्के धरून ६२१. पार्किंग ७५, पेट्रोल ६५. जेवणखाण ५१३. बोट आणि संग्रहालय १३०. खरेदी १२०. हाताशी १००. बेरीज १,६२४. जानेवारीअखेर हातात १,६०० असतील, चोवीस डॉलर कमी पडतायत, ते त्या हाताशी ठेवलेल्या शंभरातून सोडा. दर १८०च्या वर गेला तर एक आठवडा आधीची तारीख घ्या, रात्र कमी करू नका.

परतल्यावर सातशेची शिल्लक पुन्हा सुरू करा, या वेळी थेट अडीअडचणीच्या खात्यात, ते १६,८०० होईपर्यंत. म्हणजे चार महिन्यांचा खर्च. त्याला साधारण वर्ष लागेल.

तुमच्या कार्डाचं स्टेटमेंट १८ तारखेला निघतं असं लिहिलंय. त्याआधी १,९०० भरा आणि बँकेला हप्त्यांसाठी नको म्हणून कळवा. हॉटेलचं बुकिंग त्यानंतर, नवऱ्याला शेजारी बसवून.