बाहेर इतके चांगले कबाब मिळतात, मग घरी करण्यात काय मजा?

तुम्ही विचारलंय की ॲपवर अर्ध्या तासात कबाब दारात येतात तर घरी एवढा व्याप कशाला. माझ्या मते कबाब हा विस्तवावरून थेट तोंडात जायचा पदार्थ आहे. फॉइलमध्ये गुंडाळून डब्यात बसला की स्वतःच्याच वाफेने ओला होतो आणि वरचा खरपूसपणा गेला की उरतो तो नुसता मसालेदार खिमा. मुंबईत ताजच्या मागे बडेमियांकडे (१९४६ पासूनचं दुकान) किंवा रमजानमध्ये मोहम्मद अली रोडला लोक उभ्या उभ्या का खातात ते यातच आलं, आणि घरी ती सोय रोज आहे, एकजण तव्यापाशी, बाकीचे ओट्याला टेकून, आणि ताटात काही पोचतच नाही!

पण मला त्याहून जास्त मजा खिम्यात येते. खाटकाकडे समोर उभं राहून काढून घ्यायचा, सीखसाठी (खिमा सळईवर लावून भाजतात ते कबाब) साधारण पाचवा हिस्सा चरबी हवीच आणि मशीनमधून दोनदा काढायला सांगायचं, नुसतं लाल मटण घेतलंत तर कबाब कोरडे होणार. घरी आणून गार असतानाच मीठ घालून मळायला घ्या, आधी सगळं सुटं सुटं असतं आणि चार-पाच मिनिटांत ते हाताला चिकटायला लागतं, कारण मिठामुळे मांसातलं प्रोटीन सुटतं आणि तेच खिम्याला धरून ठेवतं. हा बदल बोटांना कळतो ना, तो मला प्रचंड आवडतो. मग बेसन, अंडं काही लागत नाही. फक्त किसलेला कांदा अगदी घट्ट पिळून घाला नाहीतर सगळं सळईवरून गळून पडतं, आणि मळून झालं की थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा, चरबी वितळली की पकड गेली. कच्ची पपई घालणार असाल तर अगदी बेताने, जास्त वेळ राहिली तर खिम्याचा लगदा होतो.

निखारे नाहीत म्हणून अडू नका. तव्यावर भाजा, पातेल्यात ठेवा, मधे वाटीत पेटता कोळसा, त्यावर चमचाभर तूप आणि लगेच झाकण, म्हणजे निखाऱ्याचा धुरकट वास लागतो. पाच मिनिटं पुरे, खिडकी मात्र उघडी ठेवा.

पहिल्यांदाच करत असाल तर सीखच्या नादी न लागता शामी (डाळ घालून केलेले चपटे कबाब) करा, ते बिघडणं कठीण आहे आणि खरं सांगायचं तर मला तेच जास्त आवडतात. अर्धा किलो खिम्याला १०० ग्रॅम भिजवलेली चणाडाळ, आलं-लसूण, सुक्या मिरच्या, मसाला वेलची, दालचिनी, सगळं कुकरमध्ये अगदी कमी पाण्यात शिजवायचं आणि मग झाकण काढून पाणी पूर्ण आटवायचं, इथे घाई करायची नाही, ओलं राहिलं तर तव्यावर फुटतात. वेलची-दालचिनी काढून बारीक वाटा, अंडं घाला, पोटात कच्चा कांदा, पुदिना, हिरवी मिरची भरा, थोड्या तेलात मंद आचेवर तळा. निम्मे न तळताच फ्रीजरमध्ये ठेवून द्या, अचानक पाहुणे आले की उपयोगी पडतात.