मुंबईत राहून परदेशातलं मूल दत्तक घेता येतं का? तयारी काय करावी?

तुम्ही लिहिलंय की गोरेगावला राहता, तुम्ही ४१ आणि यजमान ४४. कारावर, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर, नोंदणी करून दोन वर्षं झाली तरी नंबर अजून लांब आहे. यजमानांची काही वर्षं कोलंबोत नोकरीत गेली, त्यामुळे श्रीलंकेतून किंवा जवळच्या एखाद्या देशातून मूल आणावं असं दोघांच्या मनात आहे. कायदा परवानगी देतो का, घरात तयारी काय करायची आणि सासूबाईंना कसं सांगायचं, हे तुमचे प्रश्न.

कायदा परवानगी देतो. पण रांग चुकवायची म्हणून हा रस्ता धरत असाल तर धरू नका.

मी समाजकार्यकर्ती आहे. मुंबईतल्या दत्तक संस्थांसाठी होम स्टडी, म्हणजे मूल घेऊ पाहणाऱ्या घराच्या पाहणीचा अहवाल, लिहिण्यात आणि मुलांना नव्या घरासाठी तयार करण्यात माझी नोकरीची वर्षं गेली, त्यामुळे थोडं स्पष्ट लिहिते.

आधी रांगेबद्दल. २०२४-२५ मध्ये देशभरात कारामार्फत ४,५१५ मुलं दत्तक गेली, त्यातली ४,१५५ देशातल्या देशात. तोवरच्या दहा-बारा वर्षांतला हा सगळ्यात मोठा आकडा, तरीही लहान बाळासाठी तीन-चार वर्षं थांबावं लागतं, कारण नाव नोंदवलेली जोडपी मुलांच्या कितीतरी पट आहेत. बाहेर गेलं की ही गर्दी नसेल असं वाटतं. ती बाहेरही आहे. परदेशी दत्तकाबद्दलच्या १९९३च्या आंतरराष्ट्रीय हेग कराराचं मूळ तत्त्वच असं की मुलाला आधी त्याच्याच देशात घर शोधायचं आणि ते मिळालं नाही तरच बाहेर बघायचं. म्हणजे कुठल्याही शहाण्या देशात निरोगी तान्ह्या बाळावर पहिला हक्क तिथल्या जोडप्यांचा. परदेशी अर्जदारापर्यंत येतात ती थोडी मोठी मुलं, भावंडांच्या जोड्या, आजार किंवा अपंगत्व असलेली मुलं.

शिवाय दारं एकेक करून बंद होताहेत. इथिओपियाने २०१८ साली परदेशी दत्तकावर बंदीच घातली. चीनने २०२४ मध्ये जवळच्या नातेवाइकांचा अपवाद ठेवून बाकी सगळं थांबवलं. नेपाळने २०१५च्या भूकंपानंतर परदेशी दत्तक थांबवलं होतं, कारण गोंधळाचा फायदा घेऊन मुलं पळवली जाण्याची भीती खरी होती. पाकिस्तान आणि बांगलादेशात आपल्या अर्थाचं दत्तक कायद्यातच नाही, मिळालं तर पालकत्व मिळतं. श्रीलंका हेग करारात आहे, ही तुमच्या दृष्टीने जमेची बाजू. पण १९८०च्या दशकात तिथून युरोपात गेलेल्या अनेक मुलांचे कागद बनावट होते, कोर्टात भलत्याच बायका आई म्हणून उभ्या केल्या होत्या, हे नंतर उघड झालं. ती मुलं आज चाळिशीत आहेत आणि त्यांतली कित्येक आपली खरी आई शोधत कोलंबोला खेपा घालतात. आपण नाकं मुरडायला नकोत. आपल्याकडेही परदेशी दत्तकाला शिस्त लागली ती लक्ष्मीकांत पांडे या वकिलांच्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली दिलेल्या निकालानंतरच.

आता मला खरं बोलायचंय ते हे. मुंबई-पुण्याच्या संस्थांमधून सहा-सात-आठ वर्षांची मुलं इटलीला, स्पेनला, माल्टाला, अमेरिकेला जातात. का जातात? इथल्या जोडप्यांनी त्यांना घेतलं नाही म्हणून. कुणाला पाठचा भाऊ आहे, कुणाच्या ओठाचं ऑपरेशन झालंय, कुणी नुसतंच 'मोठं' आहे. तुम्ही गोरेगावात बसून सिंहली बोलणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीला आपलंसं करायला तयार असाल, तर मराठी किंवा उडिया बोलणाऱ्या सात वर्षांच्या मुलाला का नाही? काराच्या पोर्टलवर अशा मुलांची वेगळी यादी असते, तिथे रांगेतला नंबर आड येत नाही. ती यादी दोघांनी एकदा शांतपणे बघा. ती बघूनही मन कोलंबोकडेच ओढत असेल, कारण तिथली भाषा येते, तिथे माणसं आहेत, तिथलं काहीतरी आपलं झालंय, तर ते कारण मला पटतं. मग पुढचं वाचा.

२०२२च्या दत्तक नियमावलीत भारतीय नागरिकाने परदेशातलं मूल दत्तक घेण्याची तरतूद आहे. छोटीशी, पण आहे. दत्तकाची प्रक्रिया आधी त्या देशात, त्या देशाच्या कायद्याने पूर्ण करायची. म्हणून सगळ्यात आधी दत्तकाचं काम बघणाऱ्या तिथल्या केंद्रीय प्राधिकरणाकडून लेखी उत्तर मागवा, की भारतात राहणाऱ्या भारतीय जोडप्याचा अर्ज घेता का आणि कोणत्या वयाच्या मुलासाठी घेता. हे उत्तर हातात येईपर्यंत एकही कागद रंगवू नका. पुढे इकडून होम स्टडी जाते, तिकडून मुलाचा अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय अहवाल येतो, आणि हे तिन्ही बघून कारा हेग कराराच्या कलम ५ आणि १७ खालची मंजुरी देते. भारताने हा करार २००३ साली स्वीकारला आहे, तेव्हा ही पायरी गाळता येत नाही. वैद्यकीय अहवाल मात्र स्वतःच वाचून खूश किंवा हवालदिल होऊ नका. परळच्या वाडिया रुग्णालयात किंवा तुमच्या विश्वासाच्या बालरोगतज्ज्ञाला दाखवा आणि वजन-उंचीच्या नोंदी सलग आहेत का, हे मुद्दाम विचारा.

दोन गोष्टी लोक हटकून विसरतात. एक, हिंदू दत्तक कायदा १९५६ इथे सहसा कामाचा नाही, कारण त्यात दत्तक जाणारं मूलही हिंदू असावं लागतं. नोटरीकडे करारनामा करून मूल घरी आणलं असं सांगणारा कुणी भेटला तर त्याचं ऐकू नका. दोन, दत्तक झालं म्हणून मूल आपोआप भारतीय होत नाही. ते त्याच्या देशाच्या पासपोर्टवर येतं. तिथल्या भारतीय वकिलातीकडून प्रवेश व्हिसा घ्यायचा, गृह मंत्रालयाच्या परदेशी नागरिक विभागाची मंजुरीही वकिलातीमार्फतच मिळवायची. मुंबईत आल्यावर एफआरआरओचे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाचे, सोपस्कार आणि मग नागरिकत्व कायदा १९५५च्या कलम ५ खाली नोंदणीचा अर्ज. तुम्ही उपनगरात राहता, म्हणजे वांद्रे पूर्वेच्या जिल्हाधिकारी कार्यालयाशी गाठ. या कामाला वेळ लागतो, आणि तोवर शाळेपासून बँकेपर्यंत प्रत्येक खिडकीवर तुमचं मूल परदेशी असतं. कोर्टाचा आदेश, जन्मदाखला आणि हेगचं कलम २३चं प्रमाणपत्र (दत्तक कराराप्रमाणे झालं असं सांगणारं) यांच्या प्रमाणित केलेल्या प्रती आणि इंग्रजी भाषांतरं तिकडून निघतानाच जास्तीच्या घ्या. इथे बसून ती मिळवताना जीव जातो.

आणि एजंट. "तिकडचं एक अनाथाश्रम ओळखीचं आहे, फोटो पाठवतो, पसंत करा" असं म्हणणारा माणूस तुम्हाला भेटणारच. ठरल्या प्रक्रियेच्या आधी होणाऱ्या आईबापांनी मुलाच्या घरच्यांशी किंवा सांभाळणाऱ्यांशी संपर्क करायचा नाही, असं हेग करारातच आहे, नात्यातलं मूल असेल तर गोष्ट वेगळी. आपल्या बाल न्याय कायद्यातही प्रक्रियेबाहेरच्या दत्तकाला तीन वर्षांपर्यंत आणि मुलाच्या खरेदी-विक्रीला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. यजमानांच्या जुन्या ओळखी हॉटेल आणि दुभाष्या शोधायला वापरा, मूल शोधायला नको.

घरच्या तयारीबद्दल मला कागदांपेक्षा जास्त सांगायचंय, कारण तिची उलटी बाजू मी बघितली आहे. इटलीला जाणाऱ्या मुलांना आम्ही तयार करायचो तेव्हा तिथलं जोडपं फोटोंचा अल्बम पाठवायचं. मोठ्यांना वाटतं मूल आईबाबांचे चेहरे बघेल. मूल बघतं ते पलंग, कुत्रा, जिना, संडास. एका मुलाने मला फक्त एवढंच विचारलं होतं, "तिथे रात्री दिवा चालू ठेवतात का?" दुसऱ्याला पोळी मिळेल का याची चिंता. तेव्हा तुमचा अल्बम करताना दिंडोशीचा डोंगर आणि मॉलचे फोटो नंतर लावा. आधी मूल कुठे झोपेल, कोण शेजारी झोपेल, आंघोळ कुठे करायची, लिफ्ट कशी दिसते, हे दाखवा. कुकरची शिट्टी आणि दाराची बेल रेकॉर्ड करून पाठवा. संस्थेत वाढलेल्या मुलाला अनोळखी आवाजाने दचकायला होतं, आणि लोकलच्या गर्दीत तर पहिले काही महिने नेऊच नका.

सिंहलीची जुजबी वाक्यं दोघांनाही आली पाहिजेत, फक्त यजमानांना नाही. भूक लागली, दुखतंय, शू आली, भीती वाटते, मी इथेच आहे. मुलं नवी भाषा भराभर उचलतात आणि जुनी तितक्याच भराभर टाकतात. मधले काही महिने धड कुठलीच भाषा नसते, तेव्हाचा आक्रस्ताळेपणा हा हट्ट नसतो. नाव बदलू नका. बारशाची हौस असेल तर आहे त्या नावापुढे एक जोडा. पहिले काही आठवडे भात, नारळाचं दूध, मासे असं ओळखीचं जेवण ठेवा. मुंबईत ते जड नाही. दोघांपैकी एकाने मोठी रजा काढा. दत्तक आईची बारा आठवड्यांची कायदेशीर रजा आपल्याकडे तीन महिन्यांखालच्या बाळापुरतीच लिहिलेली होती. आता मोठ्या मुलासाठी किती मिळते, ते ऑफिसशी आधीच बोलून घ्या.

मूल आल्यावर सगळा गोतावळा एकदम भेटायला येऊ देऊ नका. संस्थेतलं मूल पाहुण्यांना पटकन बिलगतं आणि लोक कौतुकाने म्हणतात, किती माणसाळलंय. ती माया नसते, सवय असते. खाऊ, आंघोळ, झोपवणं हे काही महिने फक्त तुम्ही दोघांनी करायचं. आजीनेसुद्धा नाही.

सासूबाईंना हे आधी सांगा, कारण राग येणार तो याचाच येतो. रंग, रक्त, धर्म हे प्रश्न त्या विचारतील, विचारू द्या. होम स्टडीला येणारी बाई त्यांच्याशी स्वतंत्र बोलेल, त्यांना पढवून बसवू नका. "मला भीती वाटते, पण पोर आलं तर टाकणार नाही" असं बोलणाऱ्या आजीबद्दल मी नेहमी चांगलंच लिहिलंय. "आम्हाला सगळं चालतं" म्हणणाऱ्या घरी मी पुन्हा एकदा जात असे.

शेवटी एक व्यवहाराचं. श्रीलंकेचं नक्की होईपर्यंत काराची नोंदणी रद्द करू नका. पात्रतेसाठी नोंदणीच्या दिवशीचं वय धरतात. तेव्हा तुमच्या वयांची बेरीज ८१ होती आणि दोन वर्षांखालच्या बाळासाठी मर्यादा ८५ आहे. नोंदणी सोडून पुढच्या वर्षी नव्याने केलीत तर बेरीज ८७ होईल, रांगेतला नंबर जाईल तो वेगळाच.