हौदा पिस्तूल विकत घेण्याआधी

सातारा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

वाईच्या वाड्यात दुनळी पिस्तूल निघालं, मालक द्यायला तयार आहेत आणि तू ते ब्रासोने घासून लखलखीत करणार आहेस, हे वाचून लगेच लिहायला बसलो. ब्रासोची बाटली आधी बाजूला ठेव.

फोटोवरून ते हौदा पिस्तूल वाटतं. १९व्या शतकात साहेबलोक आणि संस्थानिक हत्तीवर बसून वाघाच्या शिकारीला निघत. वाघ हत्तीच्या अंगावर चढून आला की हौद्यात, म्हणजे हत्तीच्या पाठीवरच्या बैठकीत, लांब बंदूक फिरवायला जागा नसे, मग जवळून झाडायला हे शेवटचं हत्यार. म्हणून ते आखूड, जड आणि रुंद तोंडाचं. आधी ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी ठासून भरायची होती, पुढे काडतुसाची आली. त्यांतली बरीच .५७७ इंची स्नायडर काडतुसाची, म्हणजे जवळजवळ १५ मिलिमीटर.

तुझं ठासणीचं दिसतंय, तेव्हा ते अजून भरलेलं असू शकतं. अशा हत्यारांत जुना बार तसाच राहिलेला खरोखर सापडतो आणि काळी दारू कोरडी राहिली तर पेट घेते. घोडा उचलू नकोस, नळीत डोकावू नकोस. परवानाधारक बंदूक कारागिराला वाड्यावरच बोलाव. तो नळीत लाकडी काठी सोडून आतली खोली मोजेल आणि बाहेरच्या लांबीशी ताडेल. काठी अलीकडेच अडली, तर आत काहीतरी आहे.

मग शिक्के बघ, म्हणजे नळी बार सोसते की नाही याची चाचणी झाल्यावर मारलेल्या खुणा. नळीच्या मागच्या बाजूला, बहुतेकदा खालच्या अंगाला, ते असतात. मुकुट आणि खाली ‘जीपी’ किंवा ‘व्ही’ ही इंग्रजी अक्षरं म्हणजे लंडनची चाचणी. बर्मिंगहॅमचं चाचणीगृह १८१३च्या कायद्याने झालं, त्याच्या जुन्या शिक्क्यात फुलीसारखे राजदंड दिसतात. हे शिक्के अगदी बारीक असतात. घासलेस की आधी तेच जातात, मग नळीवरची दमास्कसची, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवल्याने उमटलेली लाटदार नक्षी, आणि खरं-खोटं ओळखायची खूणच संपते. गंज वाढू नये म्हणून हलकं तेल पुरे.

नकली माल भरपूर आहे. साधी दुनळी शिकारी बंदूक कापून, वर मोठ्या इंग्रज कंपनीचं नाव कोरून विकतात. जुन्या झिजलेल्या धातूवर अक्षरांच्या कडा टोकदार असतील, तर हात आखडता घे. मूठ हस्तिदंती असेल तर सरळ नको म्हण. त्याच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे.

‘जुनं आहे, कागद लागत नाही’ या शब्दावर पैसे देऊ नकोस. १९५९च्या शस्त्र कायद्यातली सूट दुरुस्त करूनही झाडता येणार नाही अशा हत्यारांना आहे, नुसत्या नादुरुस्त हत्यारांना नाही. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेत मालकांना लेखी अर्ज करू दे, उत्तरही लेखीच घे. ते वाड्यात कसं आलं, हेही मालकांच्या सहीने लिहून घे. हा कागद नसेल तर संग्राहकाच्या हाती नुसतं लोखंड उरतं.

कारागीर येऊन गेला की शिक्क्यांचे फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढून पाठव, शेजारी मोजपट्टी ठेवून. तोवर बयाणा देऊ नकोस.

तुझा काका