ऑक्टाव्हिया आरएसला १९ इंची अलॉय आणि २३५/३५ टायर चालतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी ऑक्टाव्हिया आरएस २३०, पासिंग एमएच १५, कंपनीच्या १७ इंची रिमवर २२५/४५ आर१७ टायर. दुकानदाराने १९ इंची, ८.५ जे (म्हणजे ८.५ इंच) रुंदीचे, ईटी (ऑफसेट, खाली सांगतो) ३५ चे अलॉय आणि त्यावर २३५/३५ आर१९ टायर सुचवलेत. तो म्हणतो, आरामात बसतात. घ्यावेत का?

घेऊ नका. गाडीला ते कसेबसे बसतीलही, पण नाशिकच्या रस्त्यांवर टिकणार नाहीत आणि गाडी आजच्यापेक्षा वाईट चालेल. १८ इंचांपर्यंत जायला हरकत नाही, त्याचे नेमके आकडे खाली देतो. हँडलिंग सुधारणं हाच हेतू असेल, तर आहेत त्याच १७ इंची रिमवर चांगले टायर टाकणं हा सगळ्यात शहाणपणाचा खर्च आहे.

आधी साइडवॉलचा, म्हणजे रिमच्या कडेपासून टायरच्या पट्ट्यापर्यंतच्या बाजूच्या भिंतीचा, हिशोब करू. २२५/४५ आर१७ म्हणजे २२५ मिमी रुंदी, तिच्या ४५ टक्के म्हणजे १०१ मिमी उंचीची साइडवॉल, आणि १७ इंची रिम. एकूण व्यास ६३४ मिमी. २२५/४० आर१८ ची साइडवॉल ९० मिमी, व्यास ६३७. तुम्हाला सुचवलेल्या २३५/३५ आर१९ ची साइडवॉल ८२ मिमी आणि व्यास ६४७. व्यास २ टक्क्यांनी वाढला की मीटर १०० दाखवत असताना गाडी आतापेक्षा २ किमीने जास्त पळत असते. हा फरक चालून जातो. ३ टक्क्यांच्या पुढे मात्र कधीच जाऊ नये. खरी अडचण त्या ८२ मिलिमीटरची आहे. त्यातलाही दीड-पावणेदोन सेंटीमीटर भाग रिमच्या कडेआड असतो. खड्ड्याची धारदार कड आली की साइडवॉल रिमची कड आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये चिमटली जाते. आतले धागे तुटतात, वरचं रबर शाबूत दिसतं, आणि पुढे तिथे फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. चारच महिन्यांपूर्वी घेतलेला असला तरी टाकून द्यावा लागतो. पावसाळ्यात त्र्यंबक रोडवर पाण्याने भरलेला खड्डा, डांबर संपून काँक्रीट सुरू होतं तिथली पायरी, उड्डाणपुलाचे उघडे पडलेले जॉइंट, हे सगळं तुमच्या रोजच्या वाटेवर आहे. १७ वरून १८ ला जाताना ११ मिमी साइडवॉल कमी होते, ती सांभाळून घेता येते. १९ ला गेलात की रिम वाकणं आणि टायर फुगणं हा नेहमीचा खर्च होऊन बसतो.

दुसरी गोष्ट लोडची, आणि दुकानात ती सहसा कुणी काढत नाही. टायरवर साइझनंतर ९१डब्ल्यू किंवा ९४वाय असं काहीतरी लिहिलेलं असतं. आकडा भाराचा, अक्षर वेगाचं. ९१ म्हणजे एक टायर ६१५ किलो पेलतो, ९२ म्हणजे ६३०, ९४ म्हणजे ६७०, ९५ म्हणजे ६९०. व्ही म्हणजे ताशी २४० किमी, डब्ल्यू २७०, वाय ३००. २३५/३५ आर१९ बहुधा ९१ एक्सएल (जास्त हवेवर जास्त भार पेलणारा प्रकार) मिळतो आणि तुमचा साधा २२५/४५ आर१७ देखील ९१च असतो, त्यामुळे दोन्ही सारखेच वाटतात. पण साध्या टायरचा हा भार २.५ बार, म्हणजे ३६ पीएसआयला मोजलेला असतो, एक्सएलचा २.९ बार, म्हणजे ४२ ला. तेवढंच वजन पेलायला त्या १९ इंची टायरला साधारण ६ पीएसआय जादा हवा लागेल. आधीच आखूड साइडवॉल, त्यात एवढी हवा. गाडी दगडासारखी आपटत जाईल. आणि आपटते म्हणून हवा कमी केलीत तर टायर जास्त दबतो, दर फेऱ्याला वाकतो आणि तापतो. इगतपुरीला समृद्धीवर चढून मे महिन्याच्या दुपारी, काँक्रीटवर, १२० च्या वेगाने दोन-तीन तास न थांबता जायचं असेल, तर कमी हवेचा टायर हाच सगळ्यात मोठा धोका आहे.

म्हणून १८ मध्ये दोनच साइझ बघा. २२५/४० आर१८ ९२ एक्सएल हा सरळ पर्याय. याला मूळ टायरपेक्षा ४ ते ५ पीएसआय जास्त ठेवावे लागतात. पेट्रोल टाकीच्या झाकणाच्या आत मूळ साइझच्या हवेचा तक्ता चिकटवलेला असतो, त्यात एवढी भर घाला. दुसरा, २३५/४० आर१८ ९५ एक्सएल. याला मूळ हवाच पुरते, साइडवॉल ९४ मिमी मिळते, म्हणजे नाशिकसाठी हा जास्त मवाळ. पण व्यास ६४५ होतो आणि रुंदी १० मिमीने वाढते, त्यामुळे घासतो का ते तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. २२५/४० मध्ये ८८ चा साधा टायरही दिसतो. तो ५६० किलोचाच आहे, स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

आता रिमची रुंदी आणि ऑफसेट. ऑफसेट, म्हणजे ईटी, हे रिमच्या मध्यरेषेपासून हबला (चाक ज्यावर बोल्टने बसतं तो गाडीचा भाग) टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर. ते जितकं कमी, तितकं चाक बाहेर येतं. उदाहरणाला मूळ रिम ७.५ जे, ईटी ५१ धरू. तुमच्या रिमच्या मागच्या बाजूला हे आकडे ओतलेले असतात, ते वाचून हाच हिशोब पुन्हा करा. ७.५ इंच म्हणजे १९०.५ मिमी, अर्धे ९५. त्यातून ५१ वजा केले की बाहेरची कड हबपासून ४४ मिमीवर येते. ५१ मिळवले की आतली कड १४६ वर. सुचवलेल्या ८.५ जे ईटी ३५ चे अर्धे १०८. बाहेरची कड ७३ वर, आतली १४३ वर. म्हणजे चाक २९ मिमी बाहेर आलं. मागे दोन माणसं आणि डिकीत सामान असताना स्पीडब्रेकरवरून उतरलात की टायर मडगार्डच्या कडेला लागणार. शिवाय चाक जितकं बाहेर, तितका बेअरिंगवर पीळ जास्त. आणि पुढची चाकं ओढणाऱ्या, ३५० एनएम टॉर्कच्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की स्टिअरिंग हातात ओढल्यासारखं होतं, ते आणखी वाढतं. त्याऐवजी १८ इंच, ८ जे, ईटी ४५ घ्या. आतली कड जवळजवळ जिथल्या तिथे राहते, बाहेरची फक्त १२ मिमी पुढे येते. दिसायलाही मडगार्ड भरलेलं दिसतं. चुकीचा ऑफसेट स्पेसरने (हब आणि रिम यांच्यामध्ये घालायची चकती) जुळवून देतो असं कुणी म्हटलं, तर ते दुकान सोडा.

पीसीडी, म्हणजे बोल्टची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, ५x११२ हवा: पाच बोल्ट, ११२ मिमी. बाजारात ह्युंदाई, टोयोटा, होंडासाठीचे ५x११४.३ चे अलॉय ढिगाने असतात, आणि फरक अगदी थोडा असल्यामुळे ते "बसवून देतात". तो थोडा फरक दर भोकाला १ मिमीपेक्षा जास्त पडतो. बोल्ट तिरका जातो, डोकं एकाच बाजूला टेकतं आणि चालत्या गाडीत सैल होतो. सेंटर बोअर ५७.१ मिमी. बाहेरच्या अलॉयचं मधलं भोक बहुतेक वेळा ६६.६ किंवा ७३.१ असतं; मधली जागा भरायला ॲल्युमिनियमची हब रिंग लागते. ती नसेल तर चाक मध्यावर बसत नाही आणि ८०-१०० ला स्टिअरिंग थरथरतं. मग लोक बॅलन्सिंग करत बसतात, कारण भलतंच असतं.

बोल्टबद्दल जरा जास्त लिहितो, कारण जिवाला धोका इथे आहे. गाडीचे मूळ बोल्ट एम१४x१.५ आणि त्यांची टेकणारी बाजू गोलाकार, चेंडूच्या आकाराची. बाहेरचे बहुतेक अलॉय ६० अंशांच्या शंकूच्या आकाराच्या बोल्टसाठी बनवलेले. गोल बोल्ट शंकूच्या भोकात घातला की तो पूर्ण पृष्ठभागावर न टेकता एका बारीक रेषेवर टेकतो; घट्ट केल्यासारखा वाटतो, पण ती रेषा दबली की ताण निघून जातो. एक बोल्ट हातात घ्या, भोकात घालून फिरवा, काढा आणि रंगावर उमटलेला ओरखडा बघा. रुंद पट्टा हवा, दोऱ्याएवढी रेघ नको. लांबीही मोजा. हबमध्ये किमान साडेसात पूर्ण फेरे गेले पाहिजेत. जास्त लांब असेल तर मागे टोक लागतं आणि चाक घट्ट न होताच बोल्ट अडतो.

रिम घेताना तिच्यावर ओतलेला भार वाचा, किलोत लिहिलेला असतो. पुढच्या ॲक्सलच्या कमाल वजनाच्या निम्म्यापेक्षा तो जास्त हवा. ते वजन दाराच्या खांबावरच्या पट्टीवर मिळतं. जेडब्ल्यूएल किंवा व्हीआयए हे चाचणीचे शिक्के बघा. मोठ्या कंपनीच्या डिझाइनची नक्कल म्हणून मिळणाऱ्या बिनशिक्क्याच्या रिम वाकण्याऐवजी तडकतात, आणि तडकलेली रिम एका झटक्यात हवा सोडते. फ्लो फॉर्म्ड रिम परवडत असेल तर तीच घ्या. पट्ट्याचं धातूकाम दाबून केलेलं असल्यामुळे कमी वजनात जास्त ताकद मिळते. तुमचं जुनं चाक आणि नवं चाक दोन्ही काट्यावर ठेवा. नवं एक किलोपेक्षा जास्त जड भरलं तर दुसरं बघा. चाकात वाढलेलं वजन सस्पेन्शनला दर खड्ड्यात उचलावं लागतं, आणि ब्रेक व इंजिन दोघांनाही ते फिरवावं लागतं.

पैसे देण्याआधी ट्रायल घ्या. टायर न चढवलेली रिम आधी पुढे, मग मागे लावून बघा. चाक हाताने पूर्ण फिरवताना ब्रेक कॅलिपर आणि आरा यांच्यात सगळीकडे किमान ३ मिमी जागा हवी. नंतर टायरसकट एक चाक पुढे लावा, गाडी जमिनीवर उतरवा, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवून पुढे-मागे घ्या. मडगार्डच्या आतल्या कडेला मुलांच्या खेळण्यातल्या मातीची बोटभर जाड पट्टी चिकटवा, मागे तीन माणसं बसवा आणि एका स्पीडब्रेकरवरून जरा जोरात उतरा. माती किती दबली त्यावरून उरलेली जागा थेट मोजता येते. ५ मिमीपेक्षा कमी उरली तर तो सेट नको. मडगार्डची कड आत वळवून देण्याची तयारी दाखवतील. रंग तडकून तिथे गंज धरतो, करू देऊ नका.

टायर घेताना साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. सहा महिन्यांहून जुना माल असेल तर भाव पाडून मागा, दोन वर्षांचा असेल तर नाकारा. इगतपुरी-कसाऱ्याच्या पावसात रोज नाही तरी महिन्यातून दोनदा जाणार असाल, तर ओल्या रस्त्यावरची पकड हा निकष सगळ्यात वर ठेवा; मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ सारखा टायर यात उत्तम, पण मऊ रबरामुळे लवकर झिजतो हे धरून चला. चारही टायर एकच मॉडेल आणि एकच साइझ हवेत. पुढे अरुंद, मागे रुंद हा प्रकार या गाडीला अर्थहीन आहे, ताकद पुढच्या चाकांना जाते.

बसवताना हबचा गंज तारेच्या ब्रशने काढायला लावा. बोल्टच्या आट्यांना ग्रीस किंवा तेल नको, त्याने टॉर्कचा आकडा फसतो. पाचही बोल्ट आधी हाताने फिरवायचे, मग एकाआड एक, शेवटी गाडी जमिनीवर टेकवून टॉर्क रेंचने १२० एनएम. हवेच्या गनने शेवटचं घट्ट करू देऊ नका. ५० ते १०० किमीनंतर पुन्हा टॉर्क तपासा. नव्या रिमचा रंग दबून ताण उतरतो. बॅलन्सिंगची वजनं रिमच्या आतल्या बाजूला चिकटवायला सांगा, अलाइनमेंट करून घ्या, आणि गाडीत हवेचा इशारा देणारी यंत्रणा असेल तर मेनूत जाऊन नवी हवा सेट करा.

कागदाची बाजू: मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलापासून दूर जाणारे बदल चालत नाहीत. मडगार्डबाहेर आलेला टायर नाकाबंदीला लगेच नजरेत भरतो, हे ईटी ३५ नाकारायचं आणखी एक कारण. विमा कंपनीला नव्या अलॉयची लेखी कल्पना देऊन पॉलिसीत नोंद करून घ्या. नोंद नसेल तर अपघातात त्यांचे पैसे मिळायचे नाहीत.

आणि स्टेपनी. नवे बोल्ट शंकूचे असतील तर ते कंपनीच्या स्टेपनीला चालणार नाहीत, तिला गोल बोल्टच लागतात. जुन्यापैकी पाच बोल्ट पिशवीत बांधून जॅकशेजारी ठेवा, आणि गाडी दुकानातून बाहेर काढण्याआधी ती पिशवी डिकीत आहे का ते स्वतः बघा.