घरातले फोटो वरचेवर बदलायचे असतील तर स्वस्त आणि सहज उघडणाऱ्या फ्रेम कशा निवडाव्यात?

तुम्ही लिहिलंय की कॅमेऱ्यातले आणि फोनमधले फोटो छापून भिंतीवर लावायचे आहेत, दोन-तीन महिन्यांनी ते बदलायचे आहेत, घर भाड्याचं आहे आणि दर वेळी फ्रेमवाल्याकडे खेप घालणं परवडत नाही. मग पट्टीचा रंग आणि नक्षी सगळ्यात शेवटी बघा. दुकानात फ्रेम हातात आली की आधी ती उलटी करा आणि पाठ कशी बंद होते ते तपासा.

आपल्याकडचे फ्रेमवाले मागे हार्डबोर्ड लावून चारी बाजूंनी बारीक चुका ठोकतात आणि वरून खाकी टेप चिकटवतात. देवाच्या तसबिरीला, आजी-आजोबांच्या फोटोला हे उत्तम, कारण त्या उघडायच्याच नसतात आणि टेपमुळे धूळ, कसर आत शिरत नाही. तुमच्या कामाला ही पद्धत चालणार नाही. सिंथेटिक पट्टीतून चुका दोन-तीनदा उपटल्या की तिची कड फुटते आणि पाठ सैल पडते. तयार फ्रेममध्ये पत्र्याच्या वाकवायच्या जिभा असतात, त्याही वारंवार वाकवल्या की तुटतात. तुम्हाला हवे आहेत ते स्क्रूवर फिरणारे चाप. बोटाने फिरवले की पाठ सुटते. फ्रेमवाल्याला स्पष्ट सांगा, ‘चुका नकोत, फिरते चाप लावा, आणि आतली खाच १० मिमी तरी खोल ठेवा.’ काच २ मिमी, माउंट (फोटोभोवती दिसणारा तो जाड पांढरा पुठ्ठा) दीड मिमी, पाठ ३ मिमी धरली तरी साडेसहा होतात, वर प्रिंट. खाच उथळ असली तर चाप नीट बसत नाहीत.

आता मापाचं बघू. माझं ठाम मत आहे की घरातल्या सगळ्या फ्रेम एकाच मापाच्या घ्याव्यात आणि बदल फक्त माउंटच्या खिडकीत करावा. खिडकी म्हणजे फोटो दिसावा म्हणून माउंटच्या मधोमध कापलेली मोकळी जागा. डीएसएलआर कॅमेऱ्याचा फोटो ३:२ प्रमाणात असतो, फोनचा बहुतेक वेळा ४:३. म्हणून ८×१० इंचांच्या फ्रेममध्ये कॅमेऱ्याचा फोटो बसवायला गेलात की कुणाचा तरी हात नाही तर डोंगराचं टोक कापलं जातं. त्याऐवजी १२×१६ इंचांची फ्रेम घ्या. तिच्यात ८×१२ चा प्रिंट ठेवा आणि माउंटची खिडकी साडेसात × साडेअकरा इंच कापून घ्या. चारी बाजूंना बरोबर सव्वादोन इंच पांढरी जागा राहते. फोनच्या फोटोसाठी ९×१२ चा प्रिंट आणि साडेआठ × साडेअकराची खिडकी, म्हणजे बाजूंना पावणेदोन आणि वर-खाली सव्वादोन. चौरस फोटो असेल तर ८×८ चा प्रिंट याच फ्रेममध्ये मध्यावर किंवा मध्यापेक्षा थोडा वर छान दिसतो. फ्रेम तीच, काच तीच, आणि फोटो उभा असला तर फ्रेम उभी, आडवा असला तर आडवी. त्यासाठी मागे लांब आणि आखूड अशा दोन्ही बाजूंना कड्या लावून घ्या.

एक सावधगिरी: परदेशी दुकानांच्या तयार फ्रेम सेंटिमीटरमध्ये असतात. १२×१६ इंच म्हणजे ३०.५×४०.६ सेंटिमीटर, त्यामुळे इंचात कापलेला माउंट ३०×४० च्या फ्रेममध्ये थोडक्यासाठी जात नाही. सगळं इंचात घ्या नाहीतर सगळं सेंटिमीटरमध्ये.

माउंट फक्त दिसण्यासाठी नसतो, हे मला आवर्जून सांगायचंय. मुंबईच्या, कोकणातल्या पावसाळ्यात काचेला टेकलेला लॅबचा प्रिंट ओलाव्याने मऊ होऊन काचेलाच चिकटतो, आणि सोडवताना वरचा थर निघून येतो. माउंटच्या जाडीमुळे दोघांमध्ये हवेची फट राहते. आम्लरहित माउंट थोडा महाग पडतो, पण तो वर्षानुवर्षं वापरायचा आहे, तिथे काटकसर नको. प्रिंटला मागून दुहेरी टेप किंवा फेविकॉल लावू नका. साध्या कागदाच्या पट्ट्या दुमडून चार कोपरे करा, ते पाठीवर चिकटवा आणि प्रिंट त्यात अडकवा, जुन्या अल्बममध्ये असायचे तसे. इंकजेटवर छापलेला प्रिंट असेल तर एक दिवस उघड्यावर वाळू द्या, मगच फ्रेममध्ये ठेवा, नाहीतर काचेवर आतून धूसर थर येतो.

काच की अॅक्रिलिक? १२×१६ ची २ मिमी काच सहाशे ग्रॅमच्या वर भरते, तेवढंच अॅक्रिलिक तीनशेच्या आत. चिकटणाऱ्या हुकांवर लावायचं असेल, घरात लहान मूल असेल, तर अॅक्रिलिक. त्यावर ओरखडे पटकन उठतात आणि ते धूळ ओढतं, म्हणून ओलसर मऊ फडक्याने पुसा. काच पुसायचं स्प्रे त्यावर मारू नका. बाकी काच स्वस्त आणि टिकाऊ.

अगदी वरचेवर बदलायचं असेल तर अॅल्युमिनियमची स्नॅप फ्रेम घ्या. बँकेत, दवाखान्यात सूचनांचे कागद ज्यात असतात तीच. चारी कडा समोरून उघडतात, फ्रेम भिंतीवरून काढावीही लागत नाही. दिसायला ती थोडी कचेरीसारखी वाटते, पण काळ्या रंगात बरी दिसते. ती बहुधा ए४, ए३ मापात मिळते. ए३ मध्ये १२×१८ चा प्रिंट मावत नाही, म्हणून लॅबला सांगा की ए३ कागदावर मधोमध १०×१५ इंचांचा फोटो छापा. भोवती साधारण २ सेंटिमीटर पांढरी कड येते आणि माउंटची गरज उरत नाही. मात्र इथे प्रिंट प्लास्टिकला टेकलेला राहतो, म्हणून दमट गावात पावसाळ्याचे महिने यात आवडता प्रिंट ठेवू नका.

भाड्याच्या घरात चिकटणारे हुक ऑइल पेंटवर चांगले धरतात. डिस्टेंपरवर रंगाचा पापुद्रा घेऊन खाली येतात, तिथे त्यांच्या नादी लागू नका. घरमालक तीन-चार भोकांना हो म्हणत असतील तर पुढे कड असलेली एक अरुंद, लांब फळी मारा आणि फ्रेम तिच्यावर नुसत्या टेकवून ठेवा. मग फोटो बदलताना ना खिळा लागतो, ना दोरी. बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल तर फ्रेमच्या मागे, खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या टिकल्या लावा, म्हणजे मागून हवा खेळेल. आणि पश्चिमेचं ऊन थेट येतं त्या भिंतीवर रंगीत प्रिंट लावू नका, ते फिके पडतात.