फोनवर मला ‘दादा’ म्हणतात

प्रश्न : वय ४३. चार-पाच महिन्यांत हनुवटीवर राठ केस आले, कपाळाच्या कडा विरळ झाल्या, पाळी थांबली, आवाज घोगरा झाला. फोनवर गॅसवाला मला ‘दादा’ म्हणतो. हा पीसीओएस का? — एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, मला तसं वाटत नाही. पीसीओएस, म्हणजे बीजकोशाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड, बहुधा वयात येतानाच डोकं वर काढतो आणि वर्षानुवर्षं रेंगाळतो. चाळिशीत, तेही इतक्या झपाट्याने आवाज उतरला, की मी आधी गाठ शोधते : बीजकोशात, नाहीतर मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत. अशा गाठी दुर्मीळच, पण काही कर्करोगाच्या असतात. म्हणून लेझरचं पॅकेज नंतर.

या आठवड्यातच रक्तातलं टेस्टोस्टेरॉन आणि डीएचईए-एस, ही पुरुषी संप्रेरकं, तपासा. डीएचईए-एस ७०० मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेलं तर बोट अ‍ॅड्रिनलकडे जातं. कमी आलं म्हणून गाठ नाहीच, असं मात्र नाही. केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) घेत असाल (घेत असणारच!) तर डॉक्टरांना सांगून आधी तीन दिवस बंद ठेवा, त्याने आकडे खोटे येतात. कॉर्टिसॉल हे त्याच ग्रंथीचं दुसरं संप्रेरकही बघायला सांगा, विशेषतः चेहरा सुजला, बीपी वाढलं असेल तर. सोनोग्राफीत अ‍ॅड्रिनलची छोटी गाठ निसटू शकते, सीटी लागेल.

गाठ निघालीच तर उपाय शस्त्रक्रिया. त्यानंतर पाळी बहुधा परत येते, केस हळूहळू कमी होतात. आवाज पूर्ववत होईलच असं नाही, म्हणून वेळ घालवू नका. घरात कुणी टेस्टोस्टेरॉनचं जेल लावत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, स्पर्शातून ते तुमच्या अंगात जाऊ शकतं.